तेलाला सगळं आठवतं

१

सोमवारी सकाळी नीरज सबनीसांनी बाटलीवरचं फडकं सोडलं, बाटली आडवी केली, आणि आतलं तेल जागचं हललं नाही.

काशीमीऱ्याच्या हमरस्त्यालगतच्या त्या गाळ्यात तेव्हा चौघंच होते. ज्यांनी आयुष्य या तेलापायी घालवलं ते डॉ. आत्माराम सामंत, त्यांचा धंदा बघणारा पुतण्या जितेंद्र, तेल कंपनीचे अधिकारी सबनीस, आणि गाळ्यातली रसायनतज्ज्ञ स्वप्नाली. चौघंही त्या बाटलीकडे बघत होते. सबनीसांनी बाटली पुरती उलटी केली. तेल तळाशीच चिकटून राहिलं, काळं आणि घट्ट, डबीतल्या बूटपॉलिशसारखं.

मुळात हे तेलच हट्टी. राजस्थानच्या वाळवंटाखाली, जमिनीच्या पोटात असतं तेव्हा ते कढत असतं आणि पाण्यासारखं वाहतं. वर आलं, जरा निवलं, की त्यातलं मेण धरायला लागतं आणि बघता बघता सगळ्याचा गोळा होतो. असं तेल शेकडो मैल पाइपातून न्यायचं तर वाटभर शेकोटी लावल्यासारखं तापवत न्यावं लागतं. डॉक्टरांनी त्यावर एक औषध काढलं होतं. तेल आधी कडकडीत तापवायचं, त्यात हे औषध चिमूटभर मिसळायचं; मग ते साध्या हवेत निवलं तरी वाहतंच राहायचं. सबनीसांची कंपनी हे औषध घ्यायला तयार झाली होती. अट एकच होती. औषध घातलेली बाटली दोन दिवस मोहरबंद ठेवायची, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उघडायची.

शुक्रवारी दुपारी बाटली भरली ती स्वप्नालीने. सबनीसांनी ती पांढऱ्या फडक्यात बांधली, गाठीवर लाख ओतली, खिशातली पितळी मोहर उमटवली, लोखंडी कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्लीही स्वतःच्या खिशात टाकली. शनिवार-रविवार गाळा बंद होता. आज कुलूप जसंच्या तसं, लाख जशीच्या तशी, आणि तेल दगड.

सबनीसांनी बाटली टेबलावर उभी ठेवली. काही न सुचून स्वप्नाली नुसती तिच्याकडे बघत राहिली. तेलाचा वरचा भाग सपाट नव्हता. एका बाजूने वर चढलेला, दुसऱ्या बाजूने खाली उतरलेला, घाटातल्या रस्त्यासारखा. ते तिला दिसलं, पण त्या क्षणी डोक्यात काहीच शिरत नव्हतं.

जितेंद्रने मात्र बाटलीकडे पाहिलंच नाही. तो तिच्याकडे बघत होता.

"बाटली तू भरलीस ना?" तो शांतपणे म्हणाला. "मग औषधाचं तेल कुठे गेलं, ते तूच सांगणार."

२

स्वप्नाली राई गावची. खाडीकाठच्या त्या जुन्या गावात तिच्या घरातून एम.एस्सी.पर्यंत गेलेली ती पहिलीच. तिची आई अनसूया जेसल पार्कात मासळी विकायची. संध्याकाळी स्वप्नाली घरी आली, आईने तिचा चेहरा पाहिला, आणि अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं.

जितेंद्रचं म्हणणं सरळ होतं. मोहर तुटलेली नाही म्हणजे बाटली नंतर कोणी उघडलेली नाही. म्हणजे ती भरतानाच तिच्यात औषध नसलेलं तेल भरलं गेलं. आणि ती भरली स्वप्नालीने. त्याच हमरस्त्यावर असलंच औषध बनवणारी दुसरी एक कंपनी होती. तिच्या माणसाने मागे स्वप्नालीला गाठून नोकरीचं विचारलं होतं. तिने नाही म्हटलं होतं, पण ही गोष्ट गाळ्यात कोणाला सांगितली नव्हती. जितेंद्रला ती आज कळली होती, कुठूनतरी. खरं काय ते लवकर सांग, नाहीतर पोलिसात तक्रार देतो, असं त्याने बजावलं होतं. ती गोठलेली बाटली घेऊन डॉक्टर मात्र आपल्या खोलीत जाऊन बसले होते.

अनसूया दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीची पाटी खाली ठेवून थेट राजश्रीताईंच्या दारात उभी राहिली. राजश्रीताई सोनकांबळे तिचं जुनं गिऱ्हाईक. मूळच्या नांदेडकडच्या; सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या. विषप्रयोग, जाळपोळ, भेसळीची दारू, असल्याच गोष्टी तपासण्यात त्यांची उमर गेलेली.

"माजी पोर चोर न्हाय, ताय," अनसूया म्हणाली. "तुमी बगा एकदा. मंग तुमी सांगाल ते खरं."

राजश्रीताईंनी स्वप्नालीला बोलावून घेतलं. ती बोलता बोलता रडायला लागली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं नाही आणि समजूतही घातली नाही. तिचं रडणं आटोपल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले. बाटली आता कुठे आहे? आणि तिला कोणी गरम केलंय का?

"नाही मावशी. डॉक्टरसाहेबांनी कोणाला हातच लावू दिलेला नाही."

"चांगलं झालं," राजश्रीताई चप्पल पायात सरकवत म्हणाल्या. "म्हणजे साक्षीदार अजून जिवंत आहे."

३

डॉ. सामंतांनी त्यांना आत घेतलं ते बहुधा कोणाला नाही म्हणायचंही त्राण उरलं नव्हतं म्हणून. जितेंद्र कुरकुरला. बाहेरच्या माणसाला कशाला, काका, असं त्याने दोनदा म्हणून पाहिलं. डॉक्टरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

राजश्रीताईंनी बाटली बराच वेळ हातात न घेता नुसती पाहिली. मान वाकडी करून तेलाच्या त्या उताराशी डोळे नेले. मग त्या कपाटाकडे गेल्या. ज्या फळीवर बाटली होती तिच्यावर हात फिरवला, आणि पेन आडवं ठेवून ते गडगडतं का ते पाहिलं. पेन जागीच राहिलं. त्याच फळीवर शेजारी काचेच्या उघड्या बशीत पांढऱ्या वड्या होत्या. हे काय, असं त्यांनी विचारलं. स्वप्नालीने सांगितलं, की या वेगवेगळ्या उष्णतेला वितळणाऱ्या मेणाच्या वड्या, मापाला कायम इथेच ठेवलेल्या. सगळ्यात मऊ वडी कितीला वितळते? जरा कडक ऊन लागलं तरी, स्वप्नाली म्हणाली. राजश्रीताईंनी ती वडी उचलून तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड सुरीसारखी धारदार होती.

मग त्या डॉक्टरांसमोर येऊन बसल्या.

"या बाटलीत औषध आहे की नाही, एवढंच आधी ठरवू. औषध घातलेलं तेल पुरतं तापवून निववलं, की ते वाहायला हवं. बरोबर?"

डॉक्टरांनी मान हलवली.

"आणि साधं तेल?"

"ते पुन्हा गोठणार."

"मग तापवा."

जितेंद्र भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा राहिला. निकाल काय लागणार याची त्याला शंका नव्हती. स्वप्नालीने चिमट्याने बाटली गरम पाण्याच्या टाकीत उतरवली. तेल हळूहळू सैल झालं, मग चकचकीत काळं पाणी होऊन डुचमळायला लागलं. ते कडकडीत तापल्यावर तिने बाटली बाहेर काढली आणि निवत ठेवली. बाहेर हमरस्त्यावरून अवजड ट्रक जात होते, आणि प्रत्येक ट्रकसरशी टेबलावरची काच थरथरत होती.

तेल खोलीइतकं थंड झालं. डॉक्टरांनी स्वतः पुढे होऊन बाटली आडवी केली.

तेल धावत मानेपर्यंत आलं.

स्वप्नालीने तोंडावर हात घेतला. औषध बाटलीत होतं. पहिल्यापासून होतं. तिने भरलेलंच तेल होतं ते.

जितेंद्रची घडी सुटली. पण सगळ्यात जास्त हादरले होते ते डॉक्टर. बाटली तशीच आडवी धरून ते तिच्याकडे बघत होते, आणि त्यांचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा आला.

"माझं औषध आत होतं. मग हे गोठलं कसं?"

४

राजश्रीताईंनी सांगितलं, की जाळपोळीच्या गुन्ह्यात त्या जळक्या चिंधीला बोलतं करायच्या. इथे तेलालाच विचारू. शुक्रवारच्या तेलातलं थोडं गाळ्यात शिल्लक होतं, औषध घातलेलं आणि छान वाहणारं. त्यांनी ते लहान लहान बाटल्यांत घालायला लावलं आणि प्रत्येक बाटलीला वेगळी वागणूक द्यायला सांगितली. एक बर्फात ठेवायची. एक खूप वेळ हलवत राहायची. एक नुसत्या उजेडात ठेवायची. बाकीच्या वेगवेगळ्या उष्णतेपर्यंत तापवायच्या, काही कोमट, काही गरम, काही कढत, आणि मग सगळ्या खोलीच्या हवेला आणायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या बाटल्या टेबलावर ओळीने उभ्या होत्या. स्वप्नालीने एकेक आडवी करायला सुरुवात केली. बर्फातली वाहिली. हलवलेली वाहिली. उजेडातली वाहिली. कोमट वाहिली. शेवटची, कढत तापवलेली, तीही झरझर वाहिली.

ओळीच्या मधोमध एक बाटली होती. हाताला चटका बसावा पण भाजू नये, एवढीच तापवलेली. ती तिने आडवी केली.

तेल हललं नाही.

तिने ती उलटी केली. तेल वर लटकून राहिलं.

"अर्धवट तापवलेली," ती पुटपुटली. जे थंडीने झालं नाही, कढत आचेने झालं नाही, ते मधल्या उबेने झालं होतं.

डॉक्टर उठले. त्या गोठलेल्या तेलाचा कण त्यांनी काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. एक डोळा लावून ते इतका वेळ निश्चल राहिले, की स्वप्नालीला भीती वाटली. मग ते बाजूला झाले आणि तिला म्हणाले, बघ.

तिने डोळा लावला. काळ्याभोर आभाळात पांढरे लखलखणारे पापुद्रे, एकात एक अडकलेले, प्रत्येकाच्या कडेला निळी-सोनेरी झाक. आपल्या औषधाच्या तेलात तिने आजवर पाहिले होते ते बारीक गोल ठिपके, मोहरीसारखे सुटे सुटे. इथे त्यांचा मागमूस नव्हता. इथे एक आख्खा महाल उभा राहिला होता, आणि त्याच्या लाखो खोल्यांमधून तेल कोंडून पडलं होतं.

"औषध काय करतं ठाऊक आहे ना," डॉक्टर म्हणाले. ते कोणाशी बोलत होते ते कळत नव्हतं. "मेण धरायला लागलं, की त्याच्या प्रत्येक कणाला जाऊन चिकटतं आणि त्याला मोठं होऊ देत नाही. पण अर्धवट ऊब दिली तर काही कण विरघळतात, काही तसेच राहतात. औषध त्या राहिलेल्यांत अडकून बसतं. मग तेल निवतं तेव्हा विरघळलेलं मेण मोकळं असतं, अडवायला कोणी नसतं, आणि ते असं वाढतं. साध्या तेलाची ही खोड मी ऐकून होतो. माझ्या औषधाने ती मोडली असं धरून चाललो होतो. आम्ही नेहमी तेल पुरतं तापवत आलो. अर्धवट तापवून कधी पाहिलंच नाही."

"म्हणजे आपण किती तापलो होतो ते तेल लक्षात ठेवतं?" राजश्रीताईंनी विचारलं.

"हो," डॉक्टर म्हणाले. "सगळं लक्षात ठेवतं."

त्यांच्या आवाजात दुःख असायला हवं होतं. स्वप्नालीला त्यात भक्ती ऐकू आली. आयुष्यभर ज्याच्याबरोबर राहिलो त्याची आज पहिल्यांदा ओळख झाली, असा चेहरा होता तो. तिच्याही अंगावर काटा उभा राहिला. काळं, मुकं, मातीतून काढलेलं तेल. आणि आपल्यावर काय काय गुदरलं ते त्याने कणाकणात जपून ठेवलं होतं.

मग डॉक्टरांचा चेहरा एकदम पांढरा पडला. त्यांनी जितेंद्रला पाइपलाइनचा नकाशा आणायला सांगितला, आणि तो टेबलावर पसरून वाळवंटाच्या मधोमध बोट टेकवलं. तिथे एक ठाणं आखलेलं होतं. पाइपातल्या तेलाला तिथे थोडी ऊब द्यायची, म्हणजे पुढची वाट सोपी, अशी कंपनीची योजना होती. खर्च वाचावा म्हणून फार तापवायचं नाही. नेमकं अर्धवट.

"करार झाला असता," ते म्हणाले, "तर या ठाण्यापुढचा पाइप मेणबत्तीसारखा भरून गोठला असता. मैलोगणती. तो पुन्हा कोणालाही उघडता आला नसता."

५

जितेंद्रचा सूर आता बदलला होता. तो स्वप्नालीची नजर टाळत होता, पण त्याच्याकडे एक नवं उत्तर तयार होतं. कपाटाशेजारीच भट्टी आहे, तो म्हणाला. शुक्रवारी कोणीतरी ती चालू ठेवली असेल, कपाट तापलं असेल. सिंपल आहे. अपघात. कोणाचाच दोष नाही.

राजश्रीताईंनी ती मेणाची मऊ वडी आणून त्याच्या तळहातावर ठेवली. ही वडी बाटलीला खेटून होती, त्या म्हणाल्या. बाटली जेवढी तापली तेवढं कपाट तापलं असतं, तर हिचं बशीत पाणी झालं असतं. हिच्या कडा बघा. तापली ती बाटली, कपाट नाही. म्हणजे बाटली या कपाटातून बाहेर गेली होती.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. बाटली उघडली तेव्हा तेल तिरकं गोठलेलं होतं. कपाटाची फळी सपाट आहे. तेल सपाट फळीवर गोठतं, तर ते सपाट गोठतं. ते गोठलं तेव्हा बाटली कुठेतरी कलती पडली होती. म्हणजे आधी ती एका उबदार जागी राहिली, मग एका थंड जागी कलती पडून राहिली, आणि मग इथे परत येऊन शहाण्यासारखी उभी राहिली.

"जितेंद्रभाऊ," राजश्रीताई म्हणाल्या, "गाळ्याच्या किल्ल्या दोघांकडे. एक हिच्याकडे, ती हिने दोन्ही दिवस आईच्या डब्यात ठेवली होती. दुसरी तुमच्याकडे. ती तुमच्याकडेच होती का?"

जितेंद्रने एकदा काकांकडे पाहिलं. ते अजून नकाशावर वाकलेले होते. मग तो खाली बसला आणि हळूहळू सांगायला लागला. शनिवारी सकाळी सबनीसांचा फोन आला होता. लॅपटॉपचा चार्जर गाळ्यात राहिलाय म्हणाले. एवढा मोठा माणूस, करार त्यांच्या हातात. जितेंद्रने किल्ली हॉटेलवर नेऊन दिली. रविवारी संध्याकाळी त्यांनी ती परत केली. सोमवारी तेल गोठलेलं निघालं, तेव्हा सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाईकाला गाळा उघडा करून दिला हे सांगायची त्याला लाज वाटली. शिवाय त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे करार गेलाच. स्वप्नालीकडे बोट दाखवणं सोपं होतं.

शेवटचं वाक्य त्याने तिच्याकडे बघून म्हटलं.

"पण मावशी," बाहेर पडल्यावर तिने विचारलं, "त्यांचाच करार, त्यांचीच कंपनी. तेल बिघडवून त्यांना काय मिळालं?"

"तीच तर गंमत आहे," राजश्रीताई म्हणाल्या. "मधल्या उबेने हे तेल बिघडतं हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. मग ते मुद्दाम कोण करणार? ज्याने बाटली नेली त्याला तेल बिघडवायचं नव्हतंच. त्याला ते जसंच्या तसं परत ठेवायचं होतं."

बाटली नेणाऱ्याने ती गाडीतच ठेवली असणार असं धरून, दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी आपले यजमान धम्मपाल यांना गाडी घेऊन बोलावलं. सबनीस उतरले होते त्या हमरस्त्यावरच्या हॉटेलच्या उघड्या आवारात गाडी उभी केली, आत औषधाच्या तेलाची एक बाटली आणि तापमापी ठेवली, काचा बंद केल्या, आणि तिघं समोरच्या हॉटेलात चहा घेत बसली. मे महिन्याचं ऊन पत्र्यावर नाचत होतं. चहा संपवून, आणखी एक मागवून, तोही संपवून तिघं परत आली. स्वप्नालीने दार उघडलं आणि गरम वाफेचा झोत तोंडावर आला. पारा नेमका त्या मधल्या बाटलीच्या आकड्यावर थांबला होता.

ती बाटली गाळ्यात नेऊन निववली. तेल गोठलं.

राजश्रीताईंनी सबनीसांना निरोप पाठवला, की तेलाने काय सांगितलं ते ऐकायला या.

६

सबनीस आले ते अगदी सहज, हसतमुखाने. कंपनीला अहवाल पाठवायचाय, काय निष्कर्ष निघाला, असं विचारत बसले. राजश्रीताईंनी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी नुसती एक हकीकत सांगितली.

एक बाटली शनिवारी सकाळी कपाटातून निघाली. कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे होती. ती बाटली एका बंद गाडीत, उन्हात, बराच वेळ राहिली. संध्याकाळी ती कोणालातरी दाखवायची होती. तेव्हा फडकं सोडलं गेलं. तेल अजून गरम होतं, छान वाहत होतं, त्यातलं थोडं काढून दिलं गेलं. मग फडकं पुन्हा बांधलं, लाख पुन्हा ओतली, मोहर पुन्हा उमटवली. मोहरही त्याच एका माणसाकडे होती. लाख शाबूत होती म्हणून आपण सगळे बाटली उघडली गेलीच नाही असं धरून बसलो. खरं म्हणजे शाबूत मोहर एवढंच सांगते, की शेवटचा हात मोहर बाळगणाऱ्याचा होता. रात्रभर ती बाटली वातानुकूलित खोलीत एका बॅगेत कलती पडून होती. फडक्याआड ती गोठली, तिरकी गोठली, आणि बांधणाऱ्याला ते दिसलं नाही. रविवारी ती परत कपाटात गेली.

सबनीसांचं हसू केव्हाच मावळलं होतं. त्यांनी जितेंद्रकडे पाहिलं, जितेंद्रने मान खाली घातली. थोडा वेळ ते काहीतरी सबब उभी करायच्या बेतात होते असं स्वप्नालीला वाटलं. मग त्यांनी चष्मा काढला. त्या दुसऱ्या कंपनीने त्यांना परदेशातल्या कचेरीत वरची जागा कबूल केली होती. बदल्यात डॉक्टरांच्या औषधाचा नमुना हवा होता, चाचणी उत्तीर्ण होण्याआधी, गाजावाजा होण्याआधी. बाकी करार ठरल्याप्रमाणे होणारच होता. कोणाचं नुकसान होणार नव्हतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. स्वप्नालीला नोकरीचं विचारलं गेल्याची कुजबुज जितेंद्रच्या कानावर घातली तीही त्यांनीच, सोमवारी, घाबरून.

हे सगळं त्यांनी एका सुरात सांगितलं. पण सांगून झाल्यावर ते उठले नाहीत. त्यांची नजर टेबलावरच्या बाटल्यांवरून हटत नव्हती.

"सोमवारपासून मला झोप नाही," ते डॉक्टरांना म्हणाले. "मी त्यात काही घातलं नाही. फक्त गाडीत ठेवलं. मला एवढं सांगा, ते गोठलं का?"

डॉक्टर त्यांच्यावर ओरडतील असं स्वप्नालीला वाटलं होतं. त्यांनी सबनीसांना खांद्याला धरून सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. चोराने डोळा लावला. कितीतरी वेळाने सबनीस मागे सरले.

"तुमच्या कंपनीला सगळं खरं कळवायचं," डॉक्टर म्हणाले. "तुमचं आणि माझंही. औषध अजून अपुरं आहे, मधलं ठाणं काढलं नाही तर मी ते देणार नाही. तुम्ही कळवता की मी कळवू?"

सबनीसांनी स्वतः कळवलं. त्यांची नोकरी गेली, आणि दुसरीकडची कबूल केलेली जागाही त्यांना मिळाली नाही.

जितेंद्र त्या संध्याकाळी राईला गेला. अनसूयाने त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, त्याची माफी ऐकून घेतली आणि म्हणाली, "मला न्हाय, तिला सांगा." त्याने तिलाही सांगितलं, सगळ्या गाळ्यासमोर. स्वप्नालीने ते ऐकून घेतलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आली.

७

कंपनीने करार मोडला नाही. उलट जे औषध विकायला बसलेत तेच त्याचा दोष स्वतःहून सांगताहेत, हे वाचून वरचे लोक काशीमीऱ्याला आले आणि त्या ओळीतल्या बाटल्या एकेक करून आडव्या केल्या. मधलं ठाणं नकाशावरून गेलं. तेल विहिरीपाशीच एकदा पुरतं तापवायचं, औषध द्यायचं, आणि मग वाटेत त्याला कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं.

पहिलं तेल सोडलं तेव्हा डॉक्टरांनी स्वप्नालीलाही बरोबर नेलं. थंडीचे दिवस होते. उजाडताना वाळू इतकी गार होती, की बुटातून पावलांना झोंबत होती. जिथे ते ठाणं होणार होतं तिथे आता काहीच नव्हतं. वाळूतून वर आलेला पाइप, दूरवर जाऊन पुन्हा वाळूत शिरणारा, आणि त्याच्यावर दव.

तेल कालच निघालंय, इथे आता पोहोचेल, असं तिथल्या इंजिनिअरने सांगितलं. डॉक्टरांनी कानटोपी काढली, गुडघे टेकले आणि कान पाइपला लावला. आजवर त्यांनी हे तेल पाहिलं होतं ते वीतभर बाटलीतच. स्वप्नाली पाइपच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि डोळे मिटून तिनेही गाल टेकवला. लोखंड बर्फासारखं होतं. गालाला चिकटेल असं वाटलं.

आधी काहीच नव्हतं. मग फार लांबून एक घरघर आली, जवळ येत गेली, आणि तिच्या गालाखालून, त्या गारठलेल्या लोखंडाच्या आतून, काहीतरी अवाढव्य पुढे सरकायला लागलं. त्याला ना खळखळ होती ना धडधड. अखंड, जड, संथ असा एक हुंकार होता, न थांबणारा.

तिने डोळे उघडले. पाइपच्या पलीकडे डॉक्टरांचा चेहरा होता, गाल लोखंडाला टेकलेला, डोळ्यांतून पाणी. ते कुजबुजत्या आवाजात तिला म्हणाले, बोलू नकोस, जातंय ते.

ऊन वर येईपर्यंत दोघंही तशीच ऐकत बसली.